बाद झालेल्याचं काय करायचं?

मघाशी चहाच्या वेळी एका कॉलेजातल्या मुलानं मला विचारलं, "सर, मी एक जुना कॉम्प्युटर गेम खेळतो. त्यात एक तलवार अशी आहे, की ती हाती आली की पुढचं सगळं सोपं होतं. म्हणून मी ती उचलतच नाही. हा वेडेपणा आहे का?"

अजिबात नाही. खेळात रंगत राहावी म्हणून खेळणाऱ्यानं स्वतःच नियम घालणं जुनं आहे. भातकुलीत बसून बोलतोय, तर आपल्या हुतूतूचंच उदाहरण घेऊ.

हुतूतूतला अवघड प्रश्न एकच. बाद झालेल्याचं काय करायचं? महाराष्ट्रात त्याची तीन उत्तरं होती. गामिनीत बाद झालेला गडी बाहेर बसे, तो सगळा संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नसे, फक्त गुण मोजायचे. आणि संजीवनीत समोरचा एक गडी मारला, की आपला एक गडी जिवंत होऊन आत येई.

आता बघा, प्रत्येकात काय साधतं आणि काय बिघडतं. गामिनीत चुकीची किंमत मोठी, म्हणून खेळ चुरशीचा. पण एक बाजू कमी होत गेली, की तिला सावरणं कठीण. अमरमध्ये सगळ्यांना खेळायला मिळतं, पण बाद होण्याची धास्तीच राहत नाही. संजीवनी मधली वाट. धास्तीही राहते आणि परत येण्याची आशाही.

गावात चाललं होतं तोवर ठीक. पण वेगवेगळ्या रीतीचे दोन संघ समोरासमोर आले, की आधी वाद, मग खेळ! छापील, समाईक नियमांची गरज यातूनच पडली.

इथं आपल्या अमरावतीचाही वाटा आहे. 1914 साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. पुढं 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी पदकाचा खेळ झाली. आज तिथं खेळतात ते संजीवनीचंच रूप. सात गडी, गडी जिवंत होणं, आणि सगळा संघ बाद केला की लोणाचे दोन जादा गुण.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र पुस्तकाबाहेर राहिली. दूधभात. लहान लेकराला खेळात घ्यायचं, पण बाद धरायचं नाही. छापील नियमात त्याला जागा नाही, कारण तिथं सगळे गडी सारखे मानलेले असतात. अंगणात ते सारखे नसतात, आणि तरी सगळ्यांना खेळायचं असतं.

तरी तो विचार पूर्ण संपला नाही. आजच्या प्रो कबड्डीत मैदानावर तीन किंवा कमी गडी उरले असताना त्यांनी चढाईवाला पकडला, तर एक जादा गुण मिळतो. त्याला सुपर टॅकल म्हणतात. कमी पडलेल्या बाजूला आधार देण्याचीच ही युक्ती.

तेव्हा बाळा, ती तलवार खुशाल सोड. फक्त एक कर, गेम सुरू करण्याआधी ठरव. आधी ठरवला तर तो नियम. हरल्यावर सांगितला तर ती सबब, बरं का!