जीपचा छोटा दांडा

जीपमधला तो छोटा दांडा 'लो'ला टाकला की इंजिनाची ताकद वाढते, असं मला लहानपणी वाटायचं. खरं तर इंजिन तेच राहतं. वेग सोडायचा आणि ओढ घ्यायची, एवढाच सौदा.

१९४१ ची विलीज एमबी लष्कराची. तिला रस्त्यावर पळायचंही होतं आणि पायदळाबरोबर रांगायचंही. तिच्या 'लो'चं प्रमाण १.९७. १९४५ ची सीजे-२ए शेतकऱ्यांसाठी निघाली. नांगराला सावकाश चाल लागते, म्हणून हे प्रमाण अडीचच्या जवळ नेलं, बाकीचे गियरही बदलले. पहिल्या गियरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे २५ वरून ३६ वर गेले. अश्वशक्ती मात्र साठच!

किती हळू जायचं, हे काम ठरवतं. हे कळायला मला बरीच वर्षं लागली.