मसुद्यातील रिकाम्या जागा

मसुदा एकदाच सिद्ध करावा, जेथे नाव, गाव किंवा रक्कम यावयाची तेथे खुणेचा शब्द घालून ठेवावा आणि प्रसंग येईल तसा खरा मजकूर त्या जागी भरावा, हा दफ्तरांचा जुना शिरस्ता आहे. भटजींच्या पोथीतील संकल्पाचे ‘अमुकगोत्र’ त्याच जातीचे. यंत्रावरील दस्तऐवजांतही हा शिरस्ता उतरला. १९६९ साली आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब (हे मूळचे वकील) व त्यांचे दोन सहकारी यांनी वकिली कचेऱ्यांच्या कागदपत्रांच्या निमित्ताने मजकुराचे भाग खुणांनी दाखविणारी जीएमएल ही भाषा रचली. तिच्यातून १९८६ ची एसजीएमएल आणि पुढे फेब्रुवारी १९९८ मध्ये तिचे सुटसुटीत रूप असलेली एक्सएमएल निघाली.

एक्सएमएलच्या दस्तऐवजातून वेबपृष्ठ घडविण्यासाठी जेम्स क्लार्क यांच्या संपादनाखाली १६ नोव्हेंबर १९९९ रोजी एक्सएसएलटीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर घालण्याची सोय होती. शब्दाऐवजी शब्द घालण्याची नव्हती. शिवाय एकदा दिलेले मूल्य पुढे बदलता येत नाही, हा त्या भाषेचा दंडकच असल्याने नेहमीच्या आवर्तनाची वाटही बंद. तेव्हा कारागिरांनी स्वतःलाच हाक मारणारे टेम्प्लेट, म्हणजे नियमांचा तुकडा, लिहिले: खुणेपूर्वीचा मजकूर उतरवावा, खुणेच्या जागी खरा शब्द ठेवावा, उरलेला मजकूर पुन्हा त्याच टेम्प्लेटच्या स्वाधीन करावा, आणि खूण सापडेनाशी झाली की थांबावे. कित्येकांना ही यातायात वाटली. मला तीत गणिती सौंदर्य दिसते.

मायकेल के यांनी संपादिलेल्या दुसऱ्या आवृत्तीने २३ जानेवारी २००७ रोजी शब्दबदलाचे फलन दिले खरे, पण ते खुणेला साधा शब्द न मानता नमुना मानते. त्यामुळे खुणेभोवती महिरपी कंस असतील तर ते निष्प्रभ करून लिहावे लागतात, आणि भरावयाच्या रकमेत डॉलरचे चिन्ह आले तर रक्कमच बिघडते. ब्राउझर तर पहिल्याच आवृत्तीवर राहिले, म्हणून तेथे जुन्या टेम्प्लेटची नोकरी चालूच राहिली.

वास्तविक या भाषेचा पिंड अक्षरे चाळण्याचा नाही, घटक ओळखण्याचा आहे. मसुदा आपल्या हाती असेल तर खूण मजकुरात न लपविता तिला स्वतंत्र घटकाचा दर्जा द्यावा. मग दोन ओळींचे टेम्प्लेट ती जागा भरते, आणि ही तजवीज १९९९ पासूनच उपलब्ध होती.