पेटी, फिडल आणि जालन्याचे अप्पा



गावात सप्ताह बसला की मंडपात आधी काय येतं? वीणा, टाळ, पखवाज आणि पेटी. पेटीवाला मांडी घालून बसतो, भाता मोकळा करतो, एक सूर धरतो आणि मग अभंग सुरू होतो. ही पेटी आपल्याला इतकी घरची वाटते की ती संतांच्या काळापासूनच असणार असं आपण धरून चालतो. पण तुकाराम महाराजांनी पेटी कधी पाहिली नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनीही नाही. पेटी आपल्याकडे येऊन जेमतेम दीडशे वर्षं झाली.

ती मूळची फ्रान्सची. 1840 च्या सुमाराला पॅरिसमधल्या अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिरानं ती बनवली. तेव्हा तिला पाय होते. खुर्चीवर बसायचं, पायानं भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. साहेबांबरोबर आणि मिशनऱ्यांबरोबर ती बोटीतून इकडे आली. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचे पाय काढले आणि भाता मागच्या बाजूला बसवला. आता ती जमिनीवर ठेवता आली, एका हातानं भाता आणि दुसऱ्या हातानं सूर. खुर्चीवरची बाई सतरंजीवर येऊन बसली म्हणा ना.

पेटीची एक मोठी बहीण आहे, अकॉर्डियन. ‘संगम’ सिनेमात राज कपूर गळ्यात अडकवून वाजवतो ते वाद्य. 1829 साली ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात त्याची नोंदणी झाली. आपल्या पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांनी हिंदी गाण्यांमध्ये ते खूप गाजवलं. पेटी आणि अकॉर्डियन, दोघींच्या पोटात एकच युक्ती आहे. एकेका सुराची एकेक धातूची पट्टी असते, एका टोकाला घट्ट बसवलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी. भात्याची हवा तिच्यावरून गेली की ती थरथरते आणि सूर निघतो. लहान पट्टी बारीक बोलते, मोठी पट्टी जाड बोलते.

दुसरं वाद्य फिडल, म्हणजे व्हायोलिन. तेही परदेशी, इटलीचं, चारशे वर्षांहून जुनं. दक्षिणेत, मद्रासकडे, बाळुस्वामी दीक्षितर हे साहेबांच्या वादकाकडून ते शिकले आणि त्यांनी ते आपल्या गाण्याला लावलं. तिकडे व्हायोलिन हनुवटीखाली धरून वाजवतात. आपल्या लोकांनी मांडी घातली, एक टोक छातीशी घेतलं आणि दुसरं टोक पायावर टेकवलं. वाद्य तेच, पण बैठक आपली झाली.

परदेशात व्हायोलिन आणि अकॉर्डियन अशी जोडी घेऊन शास्त्रीय संगीताचे छोटे कार्यक्रम होतात. मोठा वाद्यवृंद नाही, दोन माणसं, दोन वाद्यं, समोर थोडे ऐकणारे. तिकडे त्याला ‘चेंबर’ म्हणजे खोलीतलं संगीत म्हणतात. आपल्याकडे वाड्याच्या माजघरात गाण्याची बैठक होई, तसंच. पण या खोलीत दोघांना सारखा मान नव्हता. व्हायोलिन तिथलं जुनं मानकरी. अकॉर्डियन मात्र लग्नात, जत्रेत, गुत्त्यात वाजणारं, गरिबांचं. त्याला आत घ्यायला विद्वानांना फार वर्षं लागली.

ते आत आणणाऱ्यांत एक बाई होती, सोफिया गुबायदुलिना. 1931 साली रशियातल्या तातार मुलखात तिचा जन्म झाला. रशियात खेड्यापाड्यांत बायान नावाचं अकॉर्डियन वाजतं. 1978 साली तिनं एकट्या बायानसाठी एक गंभीर रचना केली. त्यात भात्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो, माणूस धाप टाकतो तसा. 1979 साली तिथल्या संगीतकार संघाच्या बड्या अधिकाऱ्यानं भर अधिवेशनात तिच्यासह सात जणांवर टीका केली आणि त्यांची वाट अडवली. ती थांबली नाही. 1991 साली तिनं बायान, व्हायोलिन आणि चेलो, म्हणजे मोठ्या आकाराचं खर्जातलं व्हायोलिन, अशा तिघांसाठी रचना केली. खेड्यातलं वाद्य आणि खोलीतलं वाद्य मांडीला मांडी लावून बसलं. 2025 साली वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ती गेली.

आता आपल्याकडे या. इथे तर पेटीवर सरकारनंच बंदी घातली होती, आणि तीही रेडिओवर! आज मी रेडिओवरूनच तुमच्याशी पेटीबद्दल बोलते आहे, म्हणून हे सांगताना जरा गंमत वाटते.

1 मार्च 1940 पासून आकाशवाणीवर पेटी बंद झाली. तेव्हा आकाशवाणीचे प्रमुख होते लायोनेल फील्डन नावाचे इंग्रज. पण सगळा दोष साहेबाला देऊन चालणार नाही. रवींद्रनाथ टागोरांचाही पेटीला विरोध होता आणि त्यांनी तसं कलकत्ता केंद्राला कळवलं होतं. स्वातंत्र्यानंतर बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. ते मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांनीही बंदी उठवली नाही, उलट सिनेमाच्या गाण्यांनाही कात्री लावली. मग लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे फिरवली, ती गोष्ट तुमच्या सासू-सासऱ्यांना विचारा.

विरोधकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. जात्यावरची ओवी आठवा. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना आवाज कसा घरंगळत जातो, मध्ये कुठे तुटत नाही. गाण्यात त्याला मींड म्हणतात. पेटीला मींड येत नाही. पेटी पायऱ्या चढते, एक पट्टी सोडायची, दुसरी दाबायची. फिडलवर बोट तारेवरून सरकवलं की सूर उतारावरच्या पाण्यासारखा वाहतो. शिवाय पेटीचे सूर कारखान्यात एकदा ठरले की ठरले, रागाप्रमाणे तसूभर चढवता-उतरवता येत नाहीत. म्हणून विद्वान म्हणाले, हे वाद्य आपल्या गाण्याला लायक नाही.

पण लायक ठरवणारे थोडे होते आणि वाजवणारे फार. भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही. कीर्तनकारांनी सोडली नाही, तमाशानं सोडली नाही. संगीत नाटकांत तर गोविंदराव टेंब्यांनी तिला केवढा मान मिळवून दिला होता. 1911 च्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच. सारंगीला वर्षानुवर्षांची तालीम लागते, तारा सारख्या लावाव्या लागतात. पेटी उघडली की बोलते आणि शंभर माणसांच्या टाळांतही ऐकू येते. शेतावरून आलेल्या माणसाला रात्री भजनाला एवढंच हवं असतं.

अप्पा जळगावकर याच काळात वाढले. सखाराम प्रभाकर जळगावकर, जन्म 1922, जन्मगाव आपलं जालना. रेडिओवर बंदी आली तेव्हा अप्पा अठराव्या वर्षात होते. विचार करा, ज्या वाद्यावर आयुष्य बेतायचं त्यालाच सरकारी दरवाजा बंद. त्यांची सुरुवातीची तालीम गाण्याची होती, धृपद-धमाराची. मला वाटतं त्यांच्या वाजवण्याचं मर्म तिथेच आहे. ते बोटांनी गात होते.

साथीला बसणं सोपं वाटतं, पण नाही. गाणारा पुढे काय घेणार ते आधी कळत नाही. तो सूर घेतो, त्याच्या मागोमाग, सावलीसारखं जायचं. तो श्वास घेतो तेवढी रिकामी जागा भरायची, आणि तो परत सुरू झाला की हळूच बाजूला व्हायचं. पुढे पुढे केलं तर गाणं बिघडतं, मागे राहिलं तर उघडं पडतं. अप्पांनी ही साथ भीमसेन जोशींना केली, किशोरी आमोणकरांना केली, वसंतराव देशपांड्यांना आणि जसराजांना केली. मींड येत नाही ना? मग दोन सुरांमध्ये भाता असा सांभाळायचा आणि पट्टी अशी अलगद सोडायची की ऐकणाऱ्याला तुटक वाटू नये.

1971 साली बंदी सैल झाली आणि वरच्या दर्जाच्या कलाकारांच्या साथीला पेटी चालेल असं ठरलं. अप्पा तेव्हा पन्नाशीला टेकले होते. 2000 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 16 सप्टेंबर 2009 ला पुण्यात ते गेले.

या सगळ्यात बाया कुठे होत्या? पूर्वी बाईचं गाणं म्हटलं की सारंगी-तबला आणि कोठी, असंच लोकांच्या मनात असे. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका तिकीट लावलेल्या जाहीर कार्यक्रमात सन्मानानं गाऊ लागल्या, त्या काळात सारंगी मागे पडत गेली आणि पेटी पुढे आली. म्हणजे या परक्या वाद्यानं बाईच्या गाण्याला वाट करून द्यायला हातभार लावला. बिचाऱ्या सारंगीवाल्यांची रोजी मात्र गेली, तेही विसरायला नको.

गाणं बाईचं झालं, तरी वाद्य बरीच वर्षं पुरुषाच्याच हातात राहिलं. फिडलवर ही रीत मोडली एन. राजम यांनी. 1938 चा त्यांचा जन्म. ओंकारनाथ ठाकुरांकडे त्या शिकल्या, त्यांना साथ केली, बनारसच्या विद्यापीठात शिकवलं आणि गळ्यातून निघावं तसं गाणं तारेतून काढलं. त्यांची मुलगी संगीता शंकर आणि नाती रागिणी, नंदिनी याही व्हायोलिनच वाजवतात. पेटीवर आज मुंबईच्या सीमा शिरोडकर मोठमोठ्या गवयांना साथ करतात.

आणि आपल्या मंडळात? गाणाऱ्या पंचवीस जणी आणि पेटीवर कुणाचे तरी दादा किंवा भाऊजी, असंच बहुतेक ठिकाणी असतं. त्यात एक अडचण आहे. पुरुषाचा गळा साधारण काळी एक-दोनमध्ये बसतो, बाईचा काळी चार-पाचमध्ये. वारकरी भजनात काही बुवा फार वर गातात, ती गोष्ट वेगळी. पेटीवाल्यानं आपल्या सवयीची पट्टी धरली की बायांना एक तर तळाशी पुटपुटावं लागतं, नाही तर वरच्या सप्तकात ओरडावं लागतं. मग लोक म्हणतात, बायांचं भजन किरकिरं होतं. गळा चांगलाच असतो, पट्टी दुसऱ्याची असते.

फिडलला हा प्रश्न नाही, खुंटी पिळली की तार चढते. पेटीत पट्टी बदलली की काळ्या-पांढऱ्यांची मांडणी बोटांखाली बदलते, म्हणून वाजवणारा म्हणतो, “तिथं हात बसत नाही.” महिनाभर सरावानं बसतो. स्केलचेंजर पेटी असेल तर खटका सरकवून सगळी पट्टी हलवता येते आणि बोटं तीच राहतात, पण ती महाग आणि जड.

बचत गटाच्या पैशातून मंडळासाठी जुनी पेटी घेणार असाल तर हे बघा. भाता भरा, एकही सूर दाबू नका आणि थांबा. हवा लगेच गेली तर भात्यात किंवा आत कुठे तरी गळती आहे. मग काळी चार सा धरून खालपासून वरपर्यंत एकेक सूर दाबा. कुठला मुका असेल तर आत धूळ बसलेली असू शकते, ती साफ होते. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, म्हणून पेटी भिंतीला लागून, जमिनीवर ठेवू नका. आणि घ्यायला जाताना मंडळातल्या गाणाऱ्या दोघी-तिघींना बरोबर न्या.