बरोबरीसाठी खेळणारे यंत्र

कोल्हापूरकरांना बरोबरीत सुटलेली कुस्ती फारशी रुचत नाही. पाठ मातीला लागली पाहिजे, कुस्ती निकाली झाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. शाहू महाराजांच्या पुढाकाराने उभे राहिलेले खासबाग मैदान १९१२ साली पूर्ण झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी स्पेनमधील अभियंता तोरेस केवेदो याने तयार केलेले बुद्धिबळाचे यंत्रही निकालीच खेळणारे होते. यंत्राकडे राजा व हत्ती, समोरच्या माणसाकडे एकटा राजा. यंत्र दरवेळी मात करी; मात्र कधी कधी त्याला पन्नासांहून अधिक चाली लागत. दोन्ही बाजूंच्या पन्नास-पन्नास चालींत एकही प्यादे हलले नाही आणि एकही मोहरा मारला गेला नाही, तर खेळाडूला बरोबरी मागता येते. हा नियम लावला असता, तर त्या यंत्राचे काही विजय हातचे गेले असते. बरोबरी नावाची गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती.

संगणकाला ती ठाऊक करून दिली गणिताने. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांचा बुद्धिबळाच्या आज्ञावलीवरील निबंध १९५० साली प्रसिद्ध झाला. वजिराला ९ गुण, हत्तीला ५, उंट व घोड्याला प्रत्येकी ३ आणि प्याद्याला १, असा हिशेब करून संगणकाने प्रत्येक स्थितीला एक आकडा द्यायचा. आपल्या चालीच्या वेळी सर्वांत मोठा आकडा निवडायचा, आणि प्रतिस्पर्धी त्याच्या चालीच्या वेळी सर्वांत लहान आकडा निवडील असे धरून चालायचे. या पद्धतीत बरोबरीची किंमत शून्य.

मग बरोबरीसाठीच खेळणारी आज्ञावली कशी लिहावी? सोपा उपाय म्हणजे त्या शून्याला हात घालणे. प्याद्याचे मोल १०० धरू या. बरोबरीला ६० गुण दिले, तर स्वतःची स्थिती ४० गुणांनी सरस असली तरी संगणक बरोबरी पत्करील. १५० गुणांनी सरस असेल, तर मात्र जिंकायला जाईल. उलट बरोबरीला उणे गुण दिले, तर तो ती टाळील. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ही युक्ती वापरली जाते. प्रोग्रॅमर तिला ‘कन्टेम्प्ट’, म्हणजे तुच्छता, म्हणतात.

पण एवढ्याने भागत नाही. बरोबरी बहुधा पुष्कळ चालींपलीकडे असते आणि संगणकाची नजर तिथवर पोहोचेलच असे नाही. म्हणून कोणी म्हणेल, ‘आकडा शून्याजवळ ठेव’ एवढेच सांगावे. इथे एक गमतीचा घोटाळा होतो. आपले उद्दिष्ट शून्याजवळ राहण्याचे, म्हणून संगणक प्रतिस्पर्ध्याचे उद्दिष्ट शून्यापासून दूर जाण्याचे धरतो. दूर जायचे तर हरूनही जाता येते! म्हणजे बरोबरी मोडण्यासाठी आपला वजीर फुकट देणारा प्रतिस्पर्धी संगणक कल्पितो आणि त्याच्या धास्तीने खेळतो. असा खेळाडू जगात नसतो. म्हणून दोघांच्या आवडीनिवडी वेगळ्या लिहाव्या लागतात: प्रतिस्पर्ध्याला आधी विजय, मग बरोबरी, शेवटी हार, आपल्या यंत्राला आधी बरोबरी, मग बाकीचे. एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा, हे शॅनन यांच्या पद्धतीमागील गृहीतच इथे मोडते.

बरोबरीची पारख माणसालाही अवघड जाते. फेब्रुवारी १९९६ मध्ये फिलाडेल्फियातील सामन्याच्या पाचव्या डावात गॅरी कास्पारॉव्हने डीप ब्लू संगणकाला बरोबरी देऊ केली. ती नाकारली संगणकाबरोबरच्या माणसांनी; तो डाव कास्पारॉव्हने जिंकला. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथील दुसऱ्या डावात कास्पारॉव्हने हार मानली. नंतर विश्लेषकांनी दाखवले, की सतत शह देत बरोबरी साधण्याची वाट त्याच्यापुढे होती. जगज्जेत्याला ती दिसली नाही, कारण यंत्राने अशी वाट मोकळी सोडली असेल यावर त्याचा विश्वास बसला नाही. तो सामना डीप ब्लूने साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी जिंकला.

२००७ साली कॅनडातील जोनाथन शेफर यांच्या गटाने सिद्ध केले, की चेकर्स या खेळात दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळ झाला तर डाव बरोबरीतच सुटतो. बुद्धिबळाबद्दल तसा पुरावा अजून नाही. दोन्ही राजे धरून पटावर सात किंवा त्याहून कमी सोंगट्या उरल्या, तरच अचूक निकाल तक्त्यांत पाहता येतो.

शिक्षकांना हा विषय वर्गात फुली-गोळ्याच्या खेळातून मांडता येईल. एका विद्यार्थ्याला सांगावे, ‘तुला बरोबरीच करायची आहे.’ दुसऱ्याला आधी सांगावे, ‘तुला जिंकायचे आहे.’ काही डाव झाल्यावर त्यालाच सांगावे, ‘तू हरलास तरी चालेल, पण बरोबरी होऊ देऊ नकोस.’ दोन्ही वेळचे निकाल फळ्यावर मांडून मुलांना विचारावे: खेळाचे नियम तेच, मग पहिल्याचे काम कोणत्या वेळी अवघड झाले, आणि का?