जाळी कुठल्या वाटेने?

वऱ्हाडातला हर्नियाचा रुग्ण निदान बहुधा स्वतःच सांगतो: "खोकललं का गोळा भाईर येते, निजलं का अंदर जाते." त्या गोळ्यावर हात ठेवून पुन्हा खोकायला सांगा. मग त्याला निजवून गोळा आत गेला की फटीच्या कडा बोटांना लागतात, फटीत किती बोटे मावतात तेही कळते. पुढचे बरेचसे निर्णय या मापावरच ठरतात.

बेंबीपाशी किंवा सिझेरियनसारख्या जुन्या व्रणात अशी फट पडते. मोठ्या फटीच्या कडा नुसत्या ओढून शिवल्या तर ताणाने पुन्हा सुटतात, म्हणून जाळी लावतात. ती समोरून चीर देऊन लावावी की छोट्या छिद्रांतून दुर्बिणीने, हा या विषयाचा गाभा.

डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढले आणि भारतात ही वाट खुली झाली. हर्नियापुरते पाहायचे तर 2011 चा कॉक्रेन आढावा वाचावा. त्यात 10 चाचण्या आणि 880 रुग्ण आहेत. दुर्बिणीने जखम चिघळण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले. हर्निया उलटण्यात मात्र फरक दिसला नाही. आतड्याला इजा क्वचितच झाली, पण तिचा धोका दुर्बिणीत थोडा अधिक. शिवाय निम्म्या चाचण्यांत पाठपुरावा दोन वर्षांहूनही कमी!

दुर्बिणीला पूर्ण भूल लागते, पोटात वायू भरावा लागतो. बेंबीचा लहान हर्निया जागा बधिर करूनही दुरुस्त होतो. भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो अशा तालुक्याच्या गावी चिरेची शस्त्रक्रिया मुळीच दुय्यम नाही, असे माझे ठाम मत आहे.

खेड्यातल्या गरजेतूनही शास्त्र घडते. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले आणि 2003 मध्ये अनुभव प्रसिद्ध केला. पुढे युगांडात जांघेतल्या हर्नियावर अशाच स्वस्त जाळीची रीतसर चाचणी झाली. 2016 मध्ये आलेल्या निष्कर्षांत, वर्षभरानंतर ती महागड्या जाळीच्या तोडीस तोड ठरली.

वाशिमला 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनो, या विषयात तुमचे मनापासून स्वागत. दोन्ही पद्धती हातात बसवा. मानोऱ्याचा, रिसोडचा रुग्ण पाच वर्षांनी पुन्हा तपासा आणि जे दिसेल ते लिहून प्रसिद्ध करा.