हजार मीटर खोल विहिरीत सोडलेलं पाणी तळाशी किती गरम असतं? अंदाज हमखास चुकतो!

राजस्थानातल्या बाडमेरचं मंगला तेलक्षेत्र २००४ साली सापडलं. तेल भरपूर, पण त्यात मेणाचं प्रमाण इतकं की साध्या खोलीच्या तापमानालाही ते घट्ट होतं. म्हणूनच तिथून गुजरातकडे जाणारी शेकडो किलोमीटरची पाइपलाइन सतत गरम ठेवावी लागते.

पण खरी अडचण जमिनीखाली आहे. तेल उपसलं की खालचा दाब कमी होतो. तो टिकवायला आणि तेल पुढे ढकलायला दुसऱ्या विहिरींतून पाणी सोडतात. या झाल्या ‘इंजेक्शन विहिरी’. मंगलामध्ये तेल असलेल्या खडकाचं तापमान सुमारे ६५ अंश सेल्सियस. तिथे थंड पाणी पोहोचलं तर तेलातलं मेण बाहेर पडून खडकाची सूक्ष्म छिद्रं तुंबू शकतात. म्हणून तिथे गरम पाणी सोडण्याची योजना झाली.

आता प्रश्न असा, की वर गरम केलेलं पाणी खाली पोहोचेपर्यंत किती गरम राहतं?

जमीन दर १०० मीटरला साधारण ३ अंशांनी तापत जाते. त्यामुळे अनेकांना वाटतं की पाणी खाली जाता जाता आजूबाजूच्या खडकाएवढं होत असेल. तसं होत नाही. गच्चीवरच्या सोलरचं पाणी आठवा. नळ बारीक सोडला तर कोमट येतं, पूर्ण सोडला तर कढत. विहिरीतही तेच घडतं. पाणी जितकं वेगात, तितकी उष्णता देण्या-घेण्याला सवड कमी.

याचं गणित अमेरिकन अभियंते हेन्री रॅमी यांनी १९६२ साली एका शोधनिबंधात मांडलं. आजही पहिला अंदाज काढायला त्यांचंच सूत्र वापरतात. त्यात वरचं तापमान, खोली, पाण्याचा प्रवाह, खडकाची उष्णता वाहून नेण्याची क्षमता आणि पाणी किती दिवस सुरू आहे, एवढं घातलं की कोणत्याही खोलीवरचं तापमान मिळतं.

उदाहरण म्हणून १,००० मीटर विहीर घेऊ. जमिनीलगत ३० अंश, तळाच्या खडकात ६० अंश, आणि पाणी वर्षभर सतत सुरू. नळी आणि सिमेंटचा अडथळा सोपेपणासाठी सोडून दिला आहे. वरून ३० अंशांचं पाणी दिवसाला ५०० घनमीटर सोडलं, तर तळाशी ते जेमतेम ३२ अंशांवर पोहोचतं. ५० घनमीटर सोडलं तर ४३ अंशांवर.

आता ८० अंशांचं गरम पाणी सोडू. ५०० घनमीटरला तळाशी ७६ अंश मिळतात. पण ५० घनमीटरला? फक्त ५७! म्हणजे ८० अंशांनी निघालेलं पाणी तळाच्या खडकापेक्षाही थंड. कारण वरच्या थंड खडकाने वाटेत त्याची उष्णता काढून घेतली आणि खालच्या गरम खडकाला ती परत द्यायला वेळच मिळाला नाही. मेणाच्या तेलात हा फरक महागात पडतो. पंप बिघडून प्रवाह मंदावला, की वरचा बॉयलर तसाच धडधडत असूनही खाली पाणी थंड पडतं.

दिवसांचा हिशेब का? विहिरीभोवतीचा खडक हळूहळू पाण्याच्याच तापमानाकडे सरकतो. वर्षभरात हा पट्टा काही मीटर रुंद होतो आणि पाण्याची उष्णता गळणं कमी होत जातं. म्हणून जुनी विहीर नव्या विहिरीपेक्षा गरम पाणी चांगलं पोहोचवते.

रॅमींच्या सूत्राला मर्यादाही आहेत. पहिल्या आठवड्याभरात ते फारसं भरवशाचं नाही, आणि प्रवाह स्थिर आहे असं ते धरून चालतं. वाफ सोडायची असेल तर प्रकरण आणखी किचकट होतं, कारण वाफेचं वाटेतच पाणी होऊ लागतं. अशा वेळी विहिरीचे छोटे छोटे तुकडे पाडून संगणकावर हिशेब करतात.

मॉडेल बरोबर आहे का, हे तपासायला काही विहिरींत ऑप्टिकल फायबर सोडतात. ती केबल साधारण दर मीटरचं तापमान सांगते. थंड पाणी सोडलेल्या विहिरीत तर पाणी बंद केल्यावर खरी गंमत दिसते. विहीर पुन्हा तापू लागते, पण ज्या थरांनी जास्त पाणी प्यायलं ते सगळ्यात उशिरा तापतात. पाणी नेमकं कुठे गेलं, हे अभियंते त्यावरूनच ओळखतात.