सोंगाड्याची जीभ आणि लक्ष्याचं अंग

‘धूमधडाका’ (१९८५) आणि ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटांविषयी एक समजूत पक्की झाली आहे. पाटलाचा वाडा, तमाशाचा फड आणि द्वयर्थी संवाद यांत अडकलेला मराठी विनोद या चित्रपटांनी शहरात आणला, त्याला पांढरपेशा केलं आणि सगळ्या घराला एकत्र बसून पाहता येईल असा केला, अशी ती समजूत. ती अर्धीच खरी आहे. कथा शहरात आली, पात्रं भाड्याच्या खोल्या शोधू लागली, एवढं बरोबर. पण या चित्रपटांचं इंजिन होतं लक्ष्मीकांत बेर्डे: त्यांची धावपळ, घाबरून वळलेली बोबडी, पडणं-धडपडणं, एका क्षणात रडवेल्या चेहऱ्यावरून बेरकी चेहऱ्यावर जाणं. हे सगळं आलं कुठून, याचं उत्तर पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत पुरतं सापडत नाही. त्यासाठी जत्रांच्या मुलखात यावं लागतं, आणि येडशीचा परिसर हा असा मुलूख आहे.

बालाघाटाच्या डोंगरकडेला वसलेलं हे गाव श्रावणात रामलिंगाच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीमुळे सर्वांना माहीत आहे. त्याचं खरं महत्त्व मात्र वाटांमुळे आहे. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि पुढे येडशीवरून लातूरला पोचली. धाराशिव हे जिल्ह्याचं ठिकाण, पण रुंद रूळ येईपर्यंत तिथे रेल्वे नव्हती. गाडी धरायची तर येडशीच गाठावी लागे. सोलापूर-धुळे रस्ताही याच गावावरून जातो. त्या रस्त्याने दक्षिणेला तुळजापूरची भवानी, उत्तरेला येरमाळ्याची येडेश्वरी आणि जवळच गोरोबाकाकांचं तेर. १९४८ पर्यंत येडशी निजामाच्या राज्यात होतं आणि शेजारची बार्शी १९४७ पर्यंत इंग्रजांच्या, म्हणजे दोन राजवटींची माणसं एकाच देवीच्या वाटेवर भेटत. जिथे माणसं अशी जमतात तिथे करमणूक करणारेही जमतात, आणि त्यांना एकाच वेळी शेतकरी, हमाल, व्यापारी, लेकुरवाळी बाई आणि पोर अशा सगळ्यांना धरून ठेवावं लागतं.

या मुलखातला सर्वांत जुना विनोदवीर बहुधा गोंधळातला साथीदार असावा. तुळजाभवानीच्या गोंधळात नाईक आख्यान लावतो, संबळ-तुणतुण्याची साथ असते आणि मध्येच साथीदार भाबडा किंवा वाकडा प्रश्न विचारून आख्यानाला खीळ घालतो. नाईक समजावतो, साथीदार आणखी घोळ घालतो, श्रोते हसतात आणि मग कथा पुढे जाते. तमाशात हेच काम सोंगाड्या करतो. गवळणीत पेंद्या बोबडं बोलत लंगडत येतो, मावशीचं काम पुरुष करतो, बतावणीत हजरजबाबीपणाची झुंज लागते आणि वगात सोंगाड्या राजा-प्रधानांचीही फिरकी घेतो. कवलापूरच्या काळू-बाळूंनी रंगवलेले हवालदार किंवा दादा इंदुरीकरांचा ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या कुंभार पाहिला, की सोंगाड्याची दोन हत्यारं लक्षात येतात: जीभ आणि अंग. जीभ शेलक्या, अनेकदा दुहेरी अर्थाच्या शब्दांची; अंग चालीत, लकबीत आणि फजितीत. दोन्ही एकमेकांना टेकून चालतात.

चित्रपटाने या जोडीचं काय केलं, हे पाहण्यासारखं आहे. वसंत सबनीस हे सोलापूरचे. त्यांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ १९६५ मध्ये रंगमंचावर आलं आणि दादा कोंडके घरोघर माहीत झाले. १९७१चा ‘सोंगाड्या’ही सबनीसांनीच लिहिलेला. त्यानंतर ‘एकटा जीव सदाशिव’, ‘पांडू हवालदार’ असे एकामागून एक चित्रपट गाजले. कोंडक्यांनी सोंगाड्याची जीभ मोकळी ठेवली. त्यांचं अंग मात्र तुलनेने संथ: लोंबणारी नाडी, भोळसट उभं राहणं आणि वाक्य टाकून दिल्यावर निरागस चेहरा. हसू शब्दात होतं आणि त्या शब्दावरूनच सेन्सॉरशी भांडणं होत होती. म्हणून ‘कौटुंबिक’ विनोदी चित्रपट हवा असं निर्मात्यांनी ठरवलं, तेव्हा पहिली कात्री जिभेला लागली. द्वयर्थी शब्द गेल्यावर जी पोकळी राहिली ती भरायला अंगाशिवाय दुसरं काही नव्हतं. बेर्डे यांचा तो सळसळता, कधी अतिरेकी वाटणारा उत्साह मला या पोकळीचं उत्तर वाटतो. सोंगाड्या गेला नाही. त्याची जीभ आवरली गेली आणि अंग सुटलं.

‘अशी ही बनवाबनवी’चे पटकथा-संवादही सबनीसांचेच आहेत, हा माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा. फडाच्या बतावणीची नस ज्याला ठाऊक होती, त्याच लेखकाने भाडेकरू धनंजय माने आणि घरमालक विश्वासराव सरपोतदार यांची जुगलबंदी लिहिली. सरपोतदारांसमोर माने थापा मारत राहतात आणि प्रत्येक थाप आधीची सांभाळण्यासाठी वाढत जाते, ती बतावणीचीच रीत आहे; फक्त भाषा सोवळी झाली. आणि बेर्डे यांच्या परशुरामाची पार्वती होते, ती गवळणीतल्या मावशीची थेट वारस आहे. त्यातला डोहाळजेवणाचा प्रसंग आठवा. डोहाळजेवण हा बायकांचा स्वतःचा सोहळा, पुरुषाने ज्यात पाऊल ठेवू नये असा. तिथे हिरव्या साडीचा थाट करून एक पुरुष बसतो आणि घरातल्या सगळ्या बायकांना हसता येतं, कारण त्यात कुणाच्याही अब्रूला धक्का लागत नाही. तमाशाच्या कनातीत घरंदाज बाई जात नसे. तीच मावशी तिच्यासमोर आणून बसवणं, हे या चित्रपटाचं मोठं काम आहे.

जत्रेतल्या तंबूचाही यात वाटा आहे. महाराष्ट्रातल्या टुरिंग टॉकीज पावसाळा सोडून जत्रांच्या मागे फिरत. बहुतेक ठिकाणी एकच प्रोजेक्टर असे, त्यामुळे रीळ बदलताना खेळ थांबे. भोंग्याचा आवाज फाटलेला, बाहेर पाळण्यांचा आणि पिपाण्यांचा गोंगाट, आत जमिनीवर बसलेली माणसं आणि त्यांच्या मांडीवर पेंगणारी पोरं. अशा ठिकाणी नाजूक शब्दचमत्कृती हरवते. घाबरून खुर्चीवर चढलेला माणूस हरवत नाही. शिवाय अख्खं कुटुंब आलं तर एकाऐवजी पाच-सहा तिकिटं खपतात, हा साधा हिशेबही होताच. ‘धूमधडाका’त बेर्डे यांचा लक्ष्या शरद तळवलकरांना आपल्या चित्रपटाची भीतीदायक गोष्ट सांगतो, त्या प्रसंगात सेट नाही, पाठलाग नाही, फक्त एक सांगणारा आणि एक दचकणारा. गोंधळातल्या नाईक-साथीदाराचीच ती मांडणी, आणि ती फाटक्या भोंग्यातूनही पोचते.

इथे रास्त आक्षेप येतो. तो प्रसंग मराठी नाहीच: १९६४च्या तमिळ ‘कादलिक्क नेरमिल्लै’मध्ये तो नागेशने केला, १९६६च्या ‘प्यार किये जा’मध्ये मेहमूदने. ‘बनवाबनवी’ही हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेला. मग गोंधळाचा आणि तमाशाचा वारसा कुठून? मला वाटतं, आक्षेपातच उत्तर आहे. वगाची कथाही कुणाची स्वतःची नसे. पुराणातली, बखरीतली, ऐकीव गोष्ट घ्यायची आणि सोंगाड्याने तिच्यात आपलं घर करायचं, हीच चाल होती. एकच प्रसंग तीन भाषांत उभा राहतो तो त्या त्या भाषेत सांगणाऱ्याची घडण तयार असते म्हणून. ‘बीवी और मकान’ आज फारसा कुणी पाहत नाही आणि ‘बनवाबनवी’ लोकांना पाठ आहे. फरक कथेत नाही, भरण्यात आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. बेर्डे गिरगावचे, मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी केलेले, ‘टूर टूर’ नाटकामुळे पुढे आलेले. त्यांनी फड पाहिला असेलही, पण ते फडाचे नव्हते. हे मान्य करायलाच हवं. मात्र कोंडकेही मुंबईच्या नायगावचे होते. गिरणगावाच्या मुंबईत घाटावरची आणि कोकणातली माणसं आपापली सोंगं घेऊन आली होती. शाहीर साबळे यांची मुक्तनाट्यं तिथेच वाढली. वारसा रक्तातून येतो असं माझं म्हणणंच नाही, तो प्रेक्षकाच्या अपेक्षेतून येतो. आणि पाठलाग, मारामाऱ्या, वेगवान कापाकापी हा भाग ‘धूमधडाका’चे दिग्दर्शक महेश कोठारे यांनी हिंदी आणि परदेशी चित्रपटांतून आणला, हेही नाकारता येत नाही. ‘झपाटलेला’तला (१९९३) तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांचा बाहुला परदेशी भयपटाचा वंशज आहे. तरी त्या बाहुल्यासमोर घाबरणारा माणूस आपल्याकडचाच होता.

याच साच्याच्या नकलांचा नंतर पूर आला, अंगविक्षेप उरले आणि त्यामागची लेखणी गेली, ही टीका मला पटते. सबनीसांसारखा लेखक नसेल तर नुसती धावपळ लवकर थकवते. पण त्यावरून मूळ चित्रपटांना घसरणीची सुरुवात ठरवणं अन्यायाचं आहे. शब्द आणि अंग यांचा तोल कसा फिरतो, हे मराठवाड्यानेच पुढे पुन्हा दाखवलं. औरंगाबादच्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगातून इथल्या बोलीला रंगमंचावर मान मिळवून दिला होताच. मकरंद अनासपुरे पडद्यावर आले तेव्हा हसू पुन्हा जिभेत आलं: मराठवाडी हेल, सरकारी भाषेची खिल्ली, थंड चेहरा. अंग पुन्हा संथ झालं. २००७ मध्ये ‘गाढवाचं लग्न’ चित्रपट म्हणून आला, तेव्हा सावळ्या कुंभाराचं काम त्यांच्याकडेच गेलं.